चिखलातली मजल आणि दोघांचा अबोला

वाचकांचे प्रश्न : पायी भटकंती

प्रश्न : आम्ही पती-पत्नी गेली सहा वर्षे एक-दोन दिवसांच्या डोंगरवाटा चालतो आहोत; या वर्षी प्रथमच आम्ही एकवीस दिवसांची सलग भटकंती केली. तिच्या नवव्या दिवसाबद्दल विचारायचे आहे. आदल्या तीन रात्री पाऊस झाला होता आणि त्या दिवशीही सकाळपासून बारीक पाऊस व गार वारा चालूच होता. ठरलेली मजल २४ किलोमीटरची होती आणि एकूण चढ ९०० मीटरचा. सकाळी सातला निघालो, पण वाटेची नुसती राड झालेली होती. दुपारी बारापर्यंत जेमतेम ९ किलोमीटर झाले. एका ठिकाणी माझा पाय पोटरीपर्यंत रुतला आणि वर आला तो बुटाशिवाय. हे तेव्हा बरेच पुढे गेले होते. माझी हाक त्यांना ऐकू गेली नाही आणि चिखलात कोपरापर्यंत हात घालून मी एकटीने बूट शोधला. अडीच वाजता, तेराव्या किलोमीटरवर, छप्पर असलेला एक निवारा लागला. मी म्हटले, इथेच थांबू. ते म्हणाले, आजची मजल सोडली तर पुढचे सगळे वेळापत्रक कोसळेल. शब्दाने शब्द वाढला आणि शेवटी आम्ही चालत राहिलो. मुक्कामी पोहोचलो तेव्हा रात्रीचे पावणेनऊ झाले होते. तंबू लावताना ते एक अक्षर बोलले नाहीत, तंबूच्या काठ्या त्यांनी दोनदा खाली टाकल्या आणि मी मदतीला गेले तर ‘असू दे’ एवढेच पुटपुटले. तो राग मला फार लागला. भटकंती आम्ही पूर्ण केली, परंतु त्या दिवसाचा विषय अजून घरात निघत नाही. पुढच्या वर्षी याहून लांबची वाट चालण्याची त्यांची इच्छा आहे. आमच्या चालण्याचा मेळच बसत नाही असे समजून मी नकार द्यावा का?

उत्तर : तुमच्या पत्रात वेळापत्रक आहे, बूट आहे, भांडण आहे, पण मी थबकलो तो तंबूच्या काठ्यांपाशी. काठ्या हातातून पडल्या, बोलणे बंद झाले आणि जे बोलले गेले ते पुटपुटल्यासारखे होते, असे तुम्ही लिहिता. यात तुम्हाला राग दिसला, आणि भिजलेल्या अंगाने, अडीच वाजताचे भांडण मनात ताजे असताना, कोणालाही तोच दिसला असता. परंतु इंग्रजी बोलणाऱ्या गिर्यारोहकांना अंग गारठू लागल्याच्या खुणा लक्षात राहाव्यात म्हणून चार यमकी शब्द पाठ करायला लावतात, आणि त्यांचा अर्थ असा आहे : अडखळणे, पुटपुटणे, हातातल्या वस्तू निसटणे आणि कुरकुरणे. शरीराच्या आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरले की वैद्यकशास्त्र त्याला हायपोथर्मिया म्हणते. बोटे आणि स्वभाव मात्र त्याच्याही आधी बिघडू लागतात. यासाठी बर्फ पडावा लागत नाही. हवा पाच-दहा अंशांची असली, कपडे ओले असले, वारा सुटलेला असला आणि पोट रिकामे असले, तर तेवढे पुरते, कारण पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेते. एका पत्रावरून निदान करण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. तरीही जवळजवळ चौदा तास पावसात आणि चिखलात काढलेल्या माणसाच्या हातातून काठी पडते तेव्हा मी प्रथम त्याच्या बोटांचा विचार करीन आणि मग त्याच्या रागाचा. घरात तो विषय काढायचाच असेल तर येथून काढा. ‘तुम्ही का रागावला होता’ असे विचारू नका. ‘त्या वेळी बोटांना काठी जाणवत होती का’ असे विचारा.

पुन्हा असे झाले तर काय करायचे तेही येथेच सांगतो. दोघांपैकी ज्याचे हात अजून चालत आहेत त्याने तंबू हाती घ्यायचा, आणि दुसऱ्याने ‘असू दे’ म्हटले तरी ऐकायचे नाही, कारण गारठलेल्या माणसाला आपण गारठलो आहोत हे शेवटी कळते. आडोसा मिळताच ओले कपडे काढून कोरडे घालायचे, स्लीपिंग बॅगमध्ये शिरायचे, काहीतरी गोड खायचे आणि शुद्ध नीट असेल तर गरम पेय प्यायचे. मद्य मात्र मुळीच नाही. हुडहुडी भरणे हे शरीर अजून झुंजत असल्याचे लक्षण आहे. अंग उबदार झालेले नसताना हुडहुडी थांबली आणि माणूस पेंगू लागला किंवा असंबद्ध बोलू लागला, तर त्याला हळुवार हाताळून ताबडतोब बाहेरची मदत मागवायला हवी.

आता भांडणाकडे वळू. तुमचे भांडण अडीच वाजता झाले, परंतु त्याचे बी आदल्या रात्री नकाशावर पेरले गेले होते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये चालण्याच्या वेळेचा एक ठोकताळा मांडला, आणि त्याचे आजचे रूप असे की दर पाच किलोमीटरला एक तास धरावा व दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास मिळवावा. त्या हिशेबाने तुमची मजल सहा तास अठरा मिनिटांची होते; विश्रांती धरून आठ तास, म्हणजे दुपारी तीनला मुक्काम. तुमच्या पतींनी हा ठोकताळा वापरला असो वा नसो, त्यांच्या मनातला आकडा याच्याच आसपासचा असणार. हा ठोकताळा मुळात चांगल्या वाटेवरच्या, तब्येतीने खणखणीत माणसासाठी आहे आणि चिखल त्याच्या हिशेबातच नाही. १९७० च्या दशकात अमेरिकी सैन्यासाठी पाठीवर ओझे घेऊन चालण्याचा जो अभ्यास झाला, त्यात चालण्याला लागणाऱ्या ऊर्जेसाठी जमिनीप्रमाणे गुणक ठरवले गेले. डांबरी रस्त्याला १ धरला, तर दलदलीला १.८. म्हणजे वेग तोच ठेवायचा म्हटला तर मेहनत पावणेदोन पटींहून जास्त. तेवढी मेहनत दिवसभर कोणालाच झेपत नाही, त्यामुळे आपोआप वेगच उतरतो. त्यात बुटाला चिकटलेला चिखल. पायातले एक किलो हे पाठीवरच्या पाच-सहा किलोंइतके थकवते असे साधारणपणे मानले जाते, आणि दोन्ही बुटांना मिळून अर्धा-पाऊण किलो चिखल सहज बसतो.

म्हणून अशा दिवशी नकाशावरचा आकडा सोडून द्यावा आणि घड्याळावरचा धरावा. बारा वाजता तुमचे पाच तासांत ९ किलोमीटर झाले होते, म्हणजे तासाला १.८. उरले होते १५. त्याच गतीने ते संपवायला आठ तास वीस मिनिटे लागणार हे तेव्हाच दिसत होते, म्हणजे क्षणभरही न थांबता रात्रीचे आठ वीस. प्रत्यक्षात पावणेनऊ वाजले. हिशेब फारसा चुकला नाही. तुम्ही दोघांनी बारा वाजता पाच मिनिटे थांबून एवढा भागाकार केला असता, तर अडीच वाजताचा निवारा हा वादाचा मुद्दा न राहता त्या दिवसाचा मुक्काम ठरला असता. थकल्यावर आणि निवारा समोर आल्यावर घेतलेला निर्णय हा एकाच्या इच्छेविरुद्ध दुसऱ्याची इच्छा असा होतो, आणि म्हणूनच तो मनाला लागतो.

निवाऱ्यापाशी बरोबर कोण होते, असे तुम्ही थेट विचारलेले नाही, पण विचारायचे होते असे वाटते. माझ्या मते तुम्ही. चार तासांचा उजेड शिल्लक, डोक्यावर छप्पर, पुढे ११ किलोमीटर राड आणि त्यातला शेवटचा भाग अंधारात. यात पुढे जाण्याच्या बाजूने फारसे काही उरत नाही. तरी त्यांची बाजू हट्टाचीच होती असे म्हणवत नाही. लांबच्या वाटेवर पाठीवरचा शिधा दिवस मोजून घेतलेला असतो, आणि एक दिवस मागे पडणे म्हणजे पुढच्या शिध्याच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत अर्धपोटी चालणे, ही भीती खरी आहे. वेळापत्रक आखणारा ती एकटाच वाहत असतो आणि सहसा बोलून दाखवत नाही. त्यावरचा उपाय आखणीतच करायचा असतो. दर सहा-सात दिवसांमागे एक दिवस मोकळा ठेवायचा, शिधाही त्या हिशेबाने एक दिवसाचा जास्त घ्यायचा, आणि तो मोकळा दिवस म्हणजे चैन नसून चिखलाची तरतूद आहे हे दोघांनी मान्य करायचे. दुसरी गोष्ट म्हणजे निघण्यापूर्वीच एक करार करून ठेवावा : थांबण्याची जागा सुरक्षित असेल तर जो थांबू म्हणेल त्याचे ऐकायचे आणि त्याला कारण विचारायचे नाही. मी अनेक जोड्यांना हे सुचवले आहे. ‘मग आम्ही रोजच लवकर थांबू’ ही शंका हमखास येते, परंतु तसे होताना मी पाहिलेले नाही. थांबण्याची मुभा हाताशी आहे हे ठाऊक असलेला माणूस उलट जास्त चालतो.

तुमच्या बुटाबद्दल. रुतलेला पाय सरळ वर ओढला की तळव्याखाली पोकळी होते आणि चिखल बूट धरून ठेवतो. आधी टाच थोडी हलवून, पाय डावी-उजवीकडे फिरवून, बुटाच्या कडेने हवा किंवा पाणी आत जाऊ द्यावे, मग टाच आधी उचलत पाय मागच्या दिशेने काढावा. खोल चिखल दिसताच बुटाची नाडी घोट्यापाशी घट्ट करावी, आणि काठीच्या टोकाला रुंद चकती लावून पुढची जागा आधी चाचपून पाहावी. पण खरे सांगायचे तर या तंत्रापेक्षा मला त्या वेळी तुमच्या दोघांत असलेले अंतर जास्त खटकले. कोरड्या वाटेवर प्रत्येकाने आपापल्या गतीने चालावे आणि ठरलेल्या ठिकाणी भेटावे, हे मला मान्य आहे. त्यात गंमतही असते. चिखलात मात्र हाकेच्या टप्प्यात राहायचे, आणि हाकेचा टप्पा म्हणजे वारा व पावसाच्या आवाजात हाक पोहोचेल एवढा, जो कधीकधी वीस-पंचवीस पावलांचाच असतो. सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवावे. खोल जागा आली की एकाने पार व्हावे, दुसऱ्याने तोपर्यंत थांबावे. निसरड्या उतारावर एकाच्या बरोबर वर दुसऱ्याने राहू नये, कारण घसरणारा माणूस खालच्यालाही घेऊन जातो. एकदा मीही असाच पुढे निघून गेलो होतो. सोबत्याचा पाय मुरगळला आहे हे मला पाऊण तासाने, परत फिरून आल्यावर कळले. त्याने तक्रार केली नाही; पण त्या भटकंतीत नंतर तो माझ्या पुढेच चालत राहिला, आणि मी काही बोललो नाही.

नकार द्यावा का, या तुमच्या प्रश्नाला या एका दिवसावरून ‘हो’ म्हणण्याजोगे काही मला दिसत नाही. उरलेले बारा दिवस तुम्ही एकत्र चाललात, आणि ते कसे गेले याबद्दल पत्रात एक शब्द नाही. मेळ बसतो की नाही हे त्या दिवसांवरून ठरवा. कोरड्या, सोप्या दिवशीही तुमचे पती मागे वळून पाहत नसतील, तर प्रश्न चिखलाचा नाही आणि त्याचे उत्तर या सदरात मिळणार नाही.

प्रश्न : मी व माझी बहीण पुढील महिन्यात दोन आठवड्यांच्या वाटेवर निघत आहोत आणि सहा-सात दिवस पावसाचे असतील असा अंदाज आहे. तिने पाणी आत न येणारे उंच बूट घेतले आहेत आणि मी जाळीदार, हलके बूट घेतले आहेत. दोघीही एकमेकींना चूक ठरवत आहोत. कोणाचे बरोबर?

उत्तर : पहिल्या दोन तासांपुरते बहिणीचे, नंतर बहुधा तुमचे. जलरोधक बुटातला पडदा बाहेरचे पाणी अडवतो, परंतु चिखल किंवा ओढा एकदा घोट्यावरून आत आला की तोच पडदा ते पाणी आत साठवून ठेवतो आणि बूट दोन दिवस वाळत नाही. जाळीदार बूट लगेच भिजतो, पण चालता चालता निथळतो. तापमान शून्याच्या आसपास असेल किंवा बर्फातून जायचे असेल, तर मात्र मी विनातक्रार बहिणीची बाजू घेईन. दोघींनीही बुटावर गेटर, म्हणजे बुटाचे तोंड व घोटा झाकणारे कापडी आवरण, चढवावे. ते पाय कोरडे ठेवत नाहीत, पण बुटात जाणारी रेती आणि खडे अडवतात, आणि भिजून मऊ पडलेल्या कातडीला फोड आणण्यात पाण्याइतकाच या रेती-खड्यांचा हात असतो. फोड येतात त्या जागी चिकटपट्टी सकाळी कोरड्या पायाला लावावी, कारण ओल्या कातडीला ती धरत नाही.

पाय दिवसभर ओले राहणार हे दोघींनी आधीच स्वीकारलेले बरे. सांभाळायची असते ती रात्र. लोकरी मोज्यांचा एक जोड केवळ झोपण्यासाठी वेगळ्या जलरोधक पिशवीत ठेवावा आणि कितीही मोह झाला तरी सकाळी तो घालून चालू नये. सकाळी ओले, गार मोजेच पायात चढवावेत. हे फार अप्रिय काम आहे आणि दहा मिनिटांत विसरलेही जाते. बूट शेकोटीजवळ वाळत घालू नयेत, उष्णतेने तळव्याचा गोंद सुटतो. आतला सुटा तळवा काढून, कोरडे फडके कोंबून वाऱ्याला ठेवावेत.

पाय अनेक तास सलग ओले आणि गार राहिले की ते बधिर, पांढुरके आणि सुरकुतलेले होतात, आणि उपाय न केल्यास आतल्या नसा व रक्तवाहिन्या दुखावतात. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या पाण्यात उभ्या असलेल्या हजारो सैनिकांचे पाय असे निकामी झाले आणि त्यावरूनच या विकाराला खंदकपाय असे नाव पडले. ब्रिटिश सैन्याने त्यावर जे उपाय केले त्यांपैकी एक तुमच्या कामाचा आहे : कित्येक तुकड्यांमध्ये सैनिकांच्या जोड्या लावल्या जात आणि प्रत्येकाकडे आपल्या जोडीदाराच्या पायांची जबाबदारी असे. दमलेला माणूस स्वतःचे पाय पाहायचे टाळतो, दुसऱ्याचे पाहायला मात्र उठतो. तेव्हा रोज संध्याकाळी तुम्ही तिचे पाय पुसून कोरडे करा आणि तपासा, तिने तुमचे. बुटांचा वाद त्या वेळी हवा तर पुढे चालू ठेवा.

प्रश्न : माझा भटकंतीतला मित्र चिखल दिसला की वाटेच्या कडेने, गवतातून जातो. मी मधून जातो आणि घोट्यापर्यंत बुडतो. तो मला वेडा समजतो. कडेने गेल्याने नक्की काय बिघडते?

उत्तर : एकट्याने गेल्याने फारसे काहीच नाही, आणि म्हणूनच हे पटवणे अवघड आहे. कडेचे गवत मेले की तीच जागा चिखल होते, मग पुढचा माणूस तिच्याही कडेने जातो, आणि हातभर रुंदीची वाट काही वर्षांत गाडीरस्त्याएवढी होते. इंग्लंडमधली पेनाइन वे ही सुमारे ४३० किलोमीटरची वाट १९६५ मध्ये खुली झाली, तिच्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, मऊ जमिनीवर नेमके असेच घडले. शेवटी बंद पडलेल्या जुन्या गिरण्यांच्या फरश्या हेलिकॉप्टरने वर नेऊन कित्येक ठिकाणी त्या वाटेवर अंथराव्या लागल्या. अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यातली लाँग ट्रेल १९१० ते १९३० या काळात बांधली गेली. तिची देखभाल करणारा ग्रीन माउंटन क्लब तर बर्फ वितळू लागल्यापासून मे महिन्याच्या अखेरीपर्यंत उंचावरच्या वाटांवर येऊच नका अशी विनंती दरवर्षी करतो, कारण त्या काळात जमीन इतकी मऊ असते की मधून जाणाऱ्यानेही नुकसानच होते. तेव्हा मधून जाण्यात तुमचे बरोबर आहे, परंतु तेवढ्यावर फार ताठ होऊ नका. वाट बदलणे किंवा चार दिवस उशिरा निघणे हे कधीकधी त्याहून बरोबर असते.

दोन अपवाद आहेत. काठी टेकवली आणि तळ लागला नाही, तर नियमासाठी आत शिरू नये. मागे फिरून खडक किंवा टणक जमिनीवरून लांबचा वळसा घ्यावा. आणि जेथे आखलेली वाटच नाही अशा मोकळ्या माळावर एकामागोमाग एक चालल्याने नवी वाट पडते, म्हणून तेथे दोघांनी एकमेकांपासून दूर पसरून, शक्यतो कोरड्या गवतावरून किंवा दगडांवरून चालायचे असते. तेवढ्या तुकड्यात तुमच्या मित्राच्या सवयीला नावे ठेवता येणार नाहीत.